शेजार ओस पडतो तेव्हा

३ मार्च

सूनबाई,

वर 'चिरंजीव' लिहायची पद्धत आहे. ते मनातल्या मनात लिहिलंय असं समज. रागात असताना माझ्या हातून ते उमटत नाही.

पत्र पाहून दचकली असशील. फोनच केला असता, पण तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी आपलं दोघींचं फोनवर कधी जमलं नाही. तू 'हं, हं' करतेस आणि मी त्या 'हं'चे अर्थ लावत बसते. उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, साऱ्या गावाची बोलणी जोडून दिली, आणि घरच्या सुनेशी काही लाइन लागत नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

विचारायचं ते सरळच विचारते. तू परत कधी येणार?

भांडण तुम्हा नवरा-बायकोचं, मी मध्ये पडणार नाही असं ठरवलं होतं. पण भिंती पातळ आहेत आणि माझे कान सरकारने पगार देऊन तयार केलेले आहेत, त्यामुळे सगळं ऐकलंय. तुझ्या मोबाइलवरच्या खेळाच्या कंपनीने तुला तिकडच्या ऑफिसात बोलावलं, हाताखाली माणसं दिली. तू त्याला म्हणालीस, तूही चल. तो म्हणाला, "खेळ म्हणजे फुगा. आज फुगलाय, उद्या फुटेल. कवळ्या मात्र लोकांना लागणारच." त्यावर तू म्हणालीस, "मग तू बस कवळ्या घासत." आणि बॅग उचललीस. माझा मुलगा दातांचे साचे करतो यात हसण्यासारखं काही नाही. पण तो तुझ्या कामाला फुगा म्हणाला तेही बरोबर नाही, एवढं कबूल करते.

तो मजेत आहे. वेळेवर जेवतो, वेळेवर कामाला जातो. काळजी नसावी.

इकडे तुझ्या खेळाने मात्र उच्छाद मांडलाय. खालच्या शिंप्याचा एक डोळा कापडावर आणि एक मोबाइलवर; परवा कुणाच्या तरी विजारीचा एक पाय आखूड बेतला. औषधांच्या दुकानातली मुलगी डाव्या हाताने गोळ्या देते, उजव्या हाताने कुणाच्या तरी अंगणात पाणी घालते. सलूनमध्ये दाढीचा साबण वाळेपर्यंत गिऱ्हाइकं आणि सलूनवाला मिळून दरवाजाला कुठला रंग द्यावा यावर वाद घालतात. दरवाजा कुठला, तर मोबाइलमधला! स्वतःच्या दुकानाच्या दाराला रंग नाही गेल्या कित्येक वर्षांत.

मी खेळत नाही. मला तेवढा रिकामा वेळ नाही.

उत्तर पाठव. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

सासूबाई


२९ मार्च

सूनबाई,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. एक्स्चेंजमध्येही पलीकडून कुणी उचललं नाही तर आम्ही थोड्या वेळाने पुन्हा लावायचो.

एका गोष्टीचा खुलासा करते, उगाच दुसरीकडून कळायला नको. औषधांच्या दुकानातल्या मुलीने माझ्या मोबाइलमध्ये तुझा खेळ घालून दिलाय. मी घालून घेतला तो केवळ चौकशीसाठी. ज्याच्यापायी सून घर सोडून गेली तो प्रकार आहे तरी काय, हे बघायला नको?

तर बघितलं. प्रत्येकाला एक अंगण. त्यात वाफे, एक फाटक, एक दरवाजा. झाडं लावायची, पाणी घालायचं. पण आपल्या विहिरीचं पाणी आपल्याला पुरत नाही, ते शेजाऱ्याला येऊन घालावं लागतं, आणि आपल्याला त्याच्याकडे जावं लागतं. फाटकाजवळ पाटी असते, तिच्यावर शेजारी एकमेकांना लिहितात. म्हणून नाव 'शेजार'. नाव चांगलं आहे. तूच दिलंस ना? तुला नावं ठेवायला आधीपासून येतात. (हा विनोद होता.)

मी माझं नाव 'ट्रंककॉल' ठेवलंय. लांबच्या गावाला लावायच्या फोनला आम्ही तसं म्हणायचो; नवीन पोरांना अर्थ कळत नाही. एकाने विचारलं, "आजी, हत्तीचा फोन का?"

एक तक्रार आहे. कुंपण घालायचं तर म्हणे दहा जणांकडून एकेक फळी मागा. मागणार कुणाकडे? तो खेळ म्हणाला, "सगळ्यांना पाठवू का?" मी म्हटलं, पाठव. त्याने माझ्या मोबाइलमधल्या झाडून सगळ्यांना पाठवलं! माझ्या नणंदेला, गॅसवाल्याला, पेन्शन ऑफिसातल्या साहेबांना. नणंदेचा फोन आला, "वहिनी, अडचण आहे का काही? फळ्या कशाला हव्यात?" साहेबांनी मात्र फळी पाठवली. माणूस पेन्शनचे कागद सहा महिने अडवतो आणि फळी दोन मिनिटांत पाठवतो, यात तुझ्या खेळाचं काहीतरी मर्म आहे. विचार कर.

तो मजेत आहे असं लिहिलं होतं, त्यात थोडी दुरुस्ती. जेवतो, पण उभ्याने. ओट्यापाशी ताट धरून, लोक स्टेशनवर खातात तसं. मी विचारलं तर म्हणाला, "दिवसभर बसूनच काम असतं, आई."

सासूबाई


१४ मे

सूनबाई,

तुझं कार्ड मिळालं. 'आम्ही खूप कामात आहोत, आपण खेळताय हे वाचून आनंद झाला' एवढंच. हे वाक्य तू मला लिहिलंस की सगळ्याच खेळणाऱ्यांना लिहितेस? असो. 'आपण' म्हणू नकोस, मी काही कंपनीची गिऱ्हाईक नाही.

पेपरात तुझा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'हा बहर टिकेल का?' चार शहाणे एका पानावर बसवले होते. दोघं म्हणत होते टिकेल, दोघं म्हणत होते नाही. मी ते पान शिंप्याला दाखवलं. तो म्हणाला, "मावशी, मी तर बुवा मरेपर्यंत खेळणार." मलाही तसंच वाटतं. तुझ्या नवऱ्यालाही ठणकावून सांगितलं. तो फोटोकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बारीक झालीये." पेपर घडी घालून घेऊन गेला. रद्दीत दिसला नाही अजून.

माझ्या अंगणाच्या उजव्या हाताला एक बाई आहे. तिच्याकडे फुलं नाहीत, शोभा नाही, नुसते भोपळे. म्हणून मी तिला भोपळेबाई म्हणते. ती कुठल्याशा दुसऱ्या गावात असते. लहान मुलांचा वर्ग चालवायची. मग गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. कायमचा. आता वर्ग नाही, फोन नाही, दारावर आलेल्या माणसाशीही कागदावर लिहून बोलावं लागतं, आणि लोकांना वाचत थांबायचा कंटाळा येतो. माझ्या पाटीवर मात्र ती पानंच्या पानं लिहिते. गप्पिष्ट आहे. घशात अडकलेलं सगळं बोटांतून बाहेर पडतं. मला म्हणते, "तुमचा आवाज कसा आहे ते मला ठाऊक नाही आणि माझा तुम्हाला. म्हणजे आपण दोघी सारख्याच."

मी जन्मभर आवाजांवरून माणसं ओळखली. 'हॅलो' कसं म्हणतो यावरून बातमी सुखाची की दुःखाची ते सांगायचे. आणि आता म्हातारपणी मैत्रीण मिळाली ती बिनआवाजाची.

आता तक्रार. तुमच्या खेळाने पाटीवर आकडे लिहायची बंदी केलीये. फोन नंबर कुणी कुणाला देऊ नये म्हणून. चांगलं आहे, पोरीबाळी खेळतात. पण तो अक्षरांतले आकडेही खोडतो. 'चार शब्द बोलावेत' असं लिहिलं तर '* शब्द बोलावेत' उमटतं. मी एकदा 'दोन दिवस ताप होता' लिहिलं तर भोपळेबाईला वाटलं मी ताऱ्यांच्या जागी शिवी घातली. हसून पुरेवाट झाली. पण परवा तिने लिहिलं, 'घरात मी *टीच असते.' मला आधी कळेना. मग कळलं. 'एकटी'तला 'एक' तुमच्या यंत्राने खोडला होता.

ते तेवढं नीट कर. एकटं म्हणायची तरी सोय असावी माणसाला.

सासूबाई


२ ऑगस्ट

सूनबाई,

बातमी चांगली नाही. तुला तिकडे आकड्यांत दिसतच असेल; मला इथून डोळ्यांनी दिसते.

माझ्या रांगेतली अंगणं ओस पडतायत. आधी औषधांच्या दुकानातली मुलगी गेली. विचारलं तर म्हणाली, "काकू, ते जुनं झालं. आता शब्दांचं काहीतरी आलंय." सलूनमध्ये कुणी दाराच्या रंगावर बोलत नाही. पेन्शनचे साहेब फळ्या देऊन देऊन थकले. आणि शिंपी, मरेपर्यंत खेळणारा, त्याने मोबाइल कपाटात ठेवलाय. लोकांच्या विजारींचे पाय पुन्हा सारखे यायला लागले. म्हणजे मीही चुकले. ठणकावून सांगितलं होतं, आता तुझ्या नवऱ्यासमोर तोंड लपवत फिरते. तो 'मी म्हटलं नव्हतं का' म्हणाला असता तर बरं झालं असतं. म्हणाला नाही. उलट विचारलं, "आई, तिच्या हाताखाली किती माणसं आहेत गं?"

रिकाम्या अंगणातून फिरताना कसं वाटतं सांगू? फाटकं उघडी, वेली वाळलेल्या, आणि पाट्यांवर अर्धवट बोलणी. 'उद्या येते' असं लिहून गेलेली बाई महिना झाला आली नाही.

आमच्या एक्स्चेंजचं सांगते. गावात फोन नवा आला तेव्हा लोक काहीही कारण नसताना कॉल लावायचे. एक गृहस्थ रोज मामाला फोन करून विचारायचे, "आवाज येतोय का?" मामा म्हणायचे, "येतोय." झालं, ठेवून द्यायचे. रांगा लागायच्या, आम्हाला जेवायला उसंत नसायची. साहेबांनी कॉल जोडायचे बोर्ड वाढवले, मुली वाढवल्या. मग वर्षभरात आवाज येतो हे सगळ्यांना पटलं आणि रांग संपली. उरले कोण? ज्यांचं माणूस लांब होतं ते. नवलाई सरते, गरज उरते. पण त्या उरलेल्यांवर वाढवलेल्या मुलींचे पगार निघाले नाहीत, हेही खरं. त्यातल्या माझ्या दोन मैत्रिणी घरी बसल्या. म्हणून हा दाखला मी तुला समाधानासाठी देत नाहीये. मला त्याचं उत्तर तेव्हाही सापडलं नव्हतं.

एक मात्र स्पष्ट सांगते, कारण तुझ्या ऑफिसात ते कुणी सांगणार नाही. शेजारणीकडे वाटीभर साखर मागायला जावं. त्यानेच शेजार होतो. पण दिवसातून सात वेळा वाटी घेऊन उभी राहिले तर ती खिडकीतून बघेल आणि दार उघडणार नाही. तुमचा खेळ तसा झालाय. आधी झाडासाठी पाणी मागायचा; आता उठता-बसता मागतो. फळी मागा, खिळा मागा, पैसे भरा नाहीतर आणखी दहा जणांना बोलवा. बोलवायला माणसं उरली कुठे? मी भोपळेबाईशी बोलायला येते आणि आधी मागण्याच्या तीन पाट्या बाजूला साराव्या लागतात. कुणाची डोकॅलिटी ही?

तुझी असली तर माफ कर. पण बदल.

तो आता ओट्यापाशीही जेवत नाही. कवळ्यांच्या लॅबमध्येच डबा नेतो. मागल्या पत्रात हे लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे लिहिलं नाही.

सासूबाई


२० सप्टेंबर

सूनबाई,

तुझं पत्र आलं. खरंखुरं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. पहिल्यांदा वाचताना चष्मा पुसावा लागला, घरात धूळ फार आहे.

मागण्याच्या पाट्या तू कमी करायला सांगितल्या होत्यास आणि वरच्यांनी ऐकलं नाही, हे कळलं. उगाच तुला बोलले. आता कंपनी विकत घ्यायला कुणी आलंय, आणि त्यांना अंगणात पैसे लावून पत्ते खेळवायचेत, हेही समजलं. लोक आयतेच तिथे आहेत, घरच्यासारखे रुळलेत, एकमेकांवर विश्वास ठेवतात. त्यांनाच डावावर बसवायचं. हुशार आहेत. शेजारी म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

तू विचारलंयस, "आई, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

मी आधी दोन पानं लिहिली. काय वाट्टेल ते होवो, विकू नकोस असं. मग फाडली. पेन्शन खाऊन दुसऱ्याला तत्त्वं शिकवणं सोपं असतं. तू लिहितेस, विकलं नाही तर पुढच्या महिन्यात दिवे बंद होतील, आणि तुझ्या हाताखालच्या एका मुलीला आत्ताच बाळ झालंय. त्यांचे पगार माझ्या शब्दांवर होणार नाहीत. तेव्हा मी फक्त मला ठाऊक आहे तेवढं सांगते. भोपळेबाईचा भाऊ पत्त्यांत बुडाला. घर गेलं, मग तोही गेला. ती त्या अंगणात पत्त्यांची टेबलं बघेल तेव्हा तिच्याजवळ ओरडायला आवाजही नसेल. ती एक मला ठाऊक. अशा किती असतील ते मला माहीत नाही, तुला असेल.

आता दुसरं. तुझ्या नवऱ्याने निरोप दिलाय, "तिला लिही, सोडून दे म्हणावं ते सगळं. घरी ये. लॅबमध्ये गिऱ्हाइकांकडे बघायला माणूस हवाच आहे."

मी म्हटलं, "तूच का नाही सांगत?"

"माझा फोन घेतला तर सांगीन ना."

"किती वेळा केलास?"

तो म्हणाला, "करायला घेतो, मग ठेवतो."

निरोप जोडणं हे माझं काम, गाळणं नाही. म्हणून शब्दाला शब्द पोहोचवला. पण माझं मत विचारशील तर या निरोपावर येऊ नकोस. मार्चमध्ये मीच तुला 'परत कधी येणार' विचारलं होतं, आणि आज मीच हे लिहितेय. लिहिताना माझं मलाच नवल वाटतंय. ती सहा महिन्यांपूर्वीची बाई मी राहिले नाही. हरून आलेल्या माणसाला काउंटरवर बसवायचं आणि त्याला घर म्हणायचं, हे मला पटत नाही. तू कवळ्यांची गिऱ्हाइकं सांभाळशील, हसशीलही, आणि आतून रोज तुला 'फुगा' ऐकू येईल. त्याला हे कळत नाही. वाईट नाही तो. चांगल्या हेतूने चुकीचं बोलण्यात त्याच्या वडिलांवर गेलाय.

काय ठरतं ते कळव. जे ठरेल ते.

आई

(सही करताना हात आपोआप गेला. खोडत नाही.)


११ ऑक्टोबर

सूनबाई,

तू विक्रीच्या विरोधात हात वर केलास आणि तुझी बाजू हरली. तुझ्याबरोबर राजीनामा देणारे दोघंच. बाकीचे थांबले. त्यांना दोष देऊ नकोस, बाळवालीला तर मुळीच नको.

खेळात फलक झळकलाय, 'महिनाअखेर शेजार नव्या रूपात!' कोपऱ्यात हिरव्या टेबलाचं चित्र. भोपळेबाईने ते पाहिलं. तिने पाटीवर फक्त लिहिलं, 'मी जाते.' ती गेली तर मी तिला शोधणार कुठे? खरं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही.

म्हणून तुला तातडीचा निरोप पाठवला होता, तिचा पत्ता काढून दे म्हणून. तू नाही म्हणालीस. खेळणाऱ्यांची माहिती कुणालाच द्यायची नाही, सासूला तर नाहीच. रात्रभर तुझ्यावर चिडले आणि सकाळी उठल्यावर उतरले. बरोबर केलंस. आम्हीही बोर्डावर कानी पडलेलं नवऱ्याला सांगत नव्हतो. जाता जाता तू नियम मोडला असतास तर मला तुझा अभिमान वाटला नसता. पण अडचण तर होतीच.

मग ऐक काय केलं. आकडे लिहिता येत नाहीत ना? लिहिले नाहीत. लावले.

माझ्या अंगणातलं सगळं उपटून काढलं. फाटकापासून घरापर्यंत वाफ्यांची एक ओळ आखली आणि प्रत्येक वाफ्यात माझ्या नंबराचा एकेक आकडा झेंडूच्या रोपांनी लावला. आठाला आठ रोपं, तिनाला तीन. शून्याला रिकामा वाफा. खरं गुलाब लावायचे होते, पण गुलाबाला वीस फळ्या लागतात, त्या कुणाकडे मागू? मग पाटीवर लिहिलं, 'बाई, जाण्याआधी माझी बाग बघून जा. फाटकापासून सुरू करा. रोपं मोजल्याशिवाय जाऊ नका.'

ती आली. प्रत्येक वाफ्यापाशी थांबलेली दिसली. रिकाम्या वाफ्यापाशी जास्तच वेळ थांबली, तिथे पाणीही घालून गेली. मला वाटलं, संपलं, हिला वाटलं माझं रोप मेलं. ती निघून गेली. मी मोबाइल मांडीवर ठेवून बसून राहिले.

दुपारी फोन वाजला.

मी 'हॅलो' म्हटलं. पलीकडे काही नाही. पण रिकामी लाइन आणि माणूस असलेली लाइन यांतला फरक मला नाही कळणार तर कुणाला? मी म्हटलं, "भोपळेबाई?" टक् असा आवाज आला. चमचा असावा, कपावर. मी म्हटलं, "हो असेल तर एकदा वाजवा, नाही असेल तर दोनदा." टक्. "रडताय का?" टक् टक्. मग जरा थांबून, टक्.

सूनबाई, नंतर मी एकटीच बोलत होते म्हणायचं, पण तसं ते नव्हतं. मी कशी दिसते, पाय कुठला दुखतो, सून कशी आहे, सगळं सांगितलं. मध्येच ती इतक्या भराभर टकटक करायची की कळावं, हसतेय. ठेवल्यावर तिचा मेसेज आला. पूर्ण नाव, पत्ता, आणि खाली, 'तुमचा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा जाड आहे.'

पेपरातल्या त्या चौघांनी मला आता विचारावं. बहर नाही टिकला. तुझी माणसं पांगली, तुझं काम दुसऱ्याच्या हाती गेलं, त्याचं दुःख मी या एका फोनने झाकणार नाही. पण तू ते अंगण आखलं नसतंस तर त्या बाईचा चमचा माझ्यापर्यंत पोहोचला नसता. हे तुला कुणी कळवणार नाही म्हणून मी कळवते.

आई


६ नोव्हेंबर

सूनबाई,

तुम्ही तिघं मिळून पुन्हा खेळच करणार म्हणतेस. लहानसा. थोड्या लोकांचा, मागण्याच्या पाट्या नसलेला, वर्षाची वर्गणी भरून खेळायचा. तो तरी टिकेल का असं मला विचारू नकोस. माझं भाकीत तू पाहिलंसच. माझी वर्गणी सोबत पाठवते आणि भोपळेबाईचीही, ती म्हणते पावती हवी.

आता घरचं. परवा तुझ्या नवऱ्याला मी तुझं सप्टेंबरचं पत्र वाचायला दिलं. तुला न विचारता दिलं, त्याबद्दल मागाहून भांड. त्याने ते उभ्याने वाचलं, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचलं. म्हणाला, "मला वाटलं होतं ती तिकडे मजेत आहे."

मी म्हटलं, "तिलाही तेच लिहिलं होतं मी, तुझ्याबद्दल."

"का?"

"तुम्ही दोघं एकमेकांना विचारत नव्हता. मधल्याने काय सांगायचं?"

काल लॅबमधून आला तो रजा टाकून. तुझ्या गावात दातांच्या लॅब किती आहेत ते कुणाकुणाला विचारत होता. मला म्हणाला, "नुसता बघून येतो." मी बरं म्हटलं. बघून येणाऱ्या माणसाने दोन बॅगा भरल्यात.

तेव्हा हे पत्र पोस्टाने येत नाहीये, तोच घेऊन येतोय. पाकीट चांगलं चिकटवलंय. फोडलेलं दिसलं तर त्याला विचार. वाटेत तो तुला फोन करीन म्हणत होता, मी नको म्हटलं. तुम्ही दोघं फोनवर बिघडता. दारात उभं राहून त्याला जे बोलायचं ते बोलू दे. पाठ केलंय त्याने, आंघोळ करताना ऐकू येत होतं. मध्ये अडखळला तर सावरू नकोस. आणि दार उघडून आत घ्यायचं की दारातूनच परत पाठवायचं, ते तुझं तू ठरव. मी त्याची आई आहे, तरी हे लिहिते.

पण ठरवण्याआधी एक माहीत असू दे. तो निघाला की मी आज दुपारच्या गाडीने भोपळेबाईकडे निघणार आहे. तिने मागची खोली झाडून ठेवलीये, महिनाभर तरी हलत नाही. घराला कुलूप घालणार आहे आणि दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये आहेत. त्याला हे अजून ठाऊक नाही. तेव्हा तुमचं पुन्हा वाजलं तर रुसून परत यायला त्याला घर उघडं नाही.

काय ते तिथेच मिटवा.

आई